स्कॅन केलेलं मराठी पुस्तक ई-रीडरवर आणताना: माझा अनुभव

ई-रीडर कुठला घ्यावा यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मराठी वाचणाऱ्याचं खरं काम मात्र यंत्र हातात आल्यावर सुरू होतं. मी वापरतो ते सहा इंची, ३०० पीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) साधं यंत्र. फाइल, फाँट आणि भाषेचा टॅग (पुस्तक कुठल्या भाषेत आहे हे यंत्राला सांगणारी खूण) जागेवर असेल तर त्यावर मराठी मजेत वाचता येतं. नसेल तर महागड्या यंत्रावरही रडारडच.

आधी फाइलची जात ओळखायची. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. देवनागरी उमटली तर मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्राला कळणाऱ्या प्रमाण अक्षरांत आहे. तरीही ऱ्हस्व वेलांट्या एखादं अक्षर सरकलेल्या नाहीत ना, हे बघून घ्या; पीडीएफमधून काढलेल्या मजकुरात हा घोळ नेहमीचा. रोमन अक्षरांची खिचडी आली तर पुस्तक श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेलं आहे. तिथे त्याच फाँटचा कन्व्हर्टर लागतो. ओळ निवडताच आली नाही तर ते स्कॅन. इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहातली जुनी मराठी पुस्तकं बहुतेक स्कॅनच असतात.

युनिकोडचं काम सोपं. कॅलिबर हा ई-पुस्तकं सांभाळणारा आणि त्यांचं रूपांतर करणारा मोफत प्रोग्रॅम; त्यात पुस्तकाच्या मेटाडेटात (नाव, लेखक, भाषा या नोंदींत) भाषा मराठी करायची. टॅग इंग्रजी राहिला तर ल आणि श हिंदी वळणाचे दिसू शकतात; मराठी वळण फाँटमध्ये असतं, पण ते भाषेच्या टॅगवरून उघडतं. मग यंत्र यूएसबीने जोडून ‘फाँट्स’ फोल्डरमध्ये फाँटच्या टीटीएफ फाइली टाकायच्या (कोबो कंपनीच्या यंत्रावर तो फोल्डर आपण तयार करायचा). मला टिरो देवनागरी मराठी सगळ्यात आवडतो, पण त्यात ठळक वजन (जाड अक्षरांचा संच) नाही, यंत्र साधंच अक्षर जाड करतं, त्यामुळे शीर्षकं जरा फुगल्यासारखी दिसतात. मुक्तामध्ये सात वजनं मिळतात. व्हेरिएबल फाँट (एकाच फाइलमध्ये सगळी वजनं असलेला) टाकू नका, जुनी यंत्रं त्यावर अडतात. ओळींतलं अंतर वाढवा आणि मजकूर डावीकडे जुळवा. मराठी शब्द प्रत्यय लागून लांबतात, मग दोन्ही कडा सरळ ठेवल्या की ओळीत भगदाडं पडतात.

दऱ्या, तऱ्हा असले शब्द रूपांतरात बिघडून दर्या, तर्हा होतात. शोधा-बदला एकदम सगळीकडे चालवाल तर सूर्य आणि कार्यसुद्धा मोडतील, आणि गोव्यातल्या पुस्तकात खरा दर्याही पानोपानी असतो. एकेक जागा बघूनच बदल करावा.

किंडलवर ईपब (ई-पुस्तकाची सर्वसाधारण फाइल) पाठवायचं तर सेंड टू किंडल हे अमेझॉनचं साधन. २०२२ पासून ते ईपब घेतं, ईमेलने ५० एमबीपर्यंत, वेबवरून २०० एमबीपर्यंत. केबलने टाकायचं असेल तर कॅलिबरमधून एझेडडब्ल्यू३ (किंडलची स्वतःची फाइल) करून घ्यावं; नुसतं ईपब कॉपी केलं तर पुस्तक यादीत दिसतच नाही.

खरी मेहनत स्कॅनवर. डेमी आकाराच्या पुस्तकाचं पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचं, त्यातला मजकूर साधारण सव्वाचार इंच रुंद. सहा इंची पडदा ३.६ बाय ४.८ इंच. समास कापून उभं धरलं तर अक्षर मूळच्या ८५ टक्के होतं, आडवं धरलं तर ११३ टक्के. आडवं धरल्यावर एक पान सव्वादोन पडद्यांत संपतं, आणि कादंबरीला ते चालतं. शब्द सुटे करून पुन्हा मांडणारी रिफ्लोची सोयही असते, पण कवितेची ती पार वाट लावते. कोबोवर कोरीडर हे वाचनाचं मोफत सॉफ्टवेअर सहज बसतं आणि समास आपोआप कापतं. किंडलवर त्यासाठी जेलब्रेक, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडणं, लागतो. त्या भानगडीत मी पडत नाही.

पिवळं पान ई-इंकवर (ई-रीडरच्या कागदासारख्या पडद्यावर) मळकट करडं दिसतं, कारण पडद्याला करड्याच्या १६ छटाच माहीत. त्यावर उपाय स्कॅन टेलर, म्हणजे स्कॅन साफ करणारा संगणकावरचा प्रोग्रॅम. तो पीडीएफ घेत नाही, म्हणून आधी पानांच्या प्रतिमा काढाव्या लागतात. मग पानं दुभागणं, तिरकेपणा काढणं, मजकुराची चौकट आखणं, समास आणि शेवटी काळं-पांढरं आउटपुट. ४०० डीपीआय (हेही इंचाला ठिपकेच) पुरे. ६०० ठेवलं की फाइल फुगते आणि पान उलटायला वेळ लागतो. इथली सगळ्यात मोठी मेख म्हणजे डाग काढणारा पर्याय, डिस्पेकल. त्याच्या लेखी बारीक टायपातला अनुस्वार हासुद्धा डागच. जोरात लावला तर ‘घरांत’चं ‘घरात’ होतं आणि वाचताना कळतही नाही. तो बंदच ठेवा. चार डाग राहिले तर राहू देत. काय काळं नि काय पांढरं हे ठरवणारा उंबरठा फार पातळ ठेवला तर शिरोरेषाही तुटते.

ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) करायचं तर टेसरॅक्ट या मोफत प्रोग्रॅमचं मराठी मॉडेल आहे, पण घ-ध, भ-म, ब-व यांची गल्लत होते, आणि ‘ख’चा ‘रव’ होतो. पूर्ण पुस्तक तपासायची तयारी नसेल तर प्रतिमाच बरी. स्कॅनमध्ये एखादं पान गळलेलं असलं तर पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात छापील प्रत मिळते का बघावं. आणि हक्कांचं भान ठेवा: आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो. बा. भ. बोरकर १९८४ साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०४४ संपेपर्यंत हक्कातच.

किनाऱ्यावर नेणाऱ्यांनी आयपीएक्स८ या पाण्यापासून बचावाच्या श्रेणीचा अर्थ नीट वाचावा. किंडल पेपरव्हाइटला गोड्या पाण्यात २ मीटर खोल ६० मिनिटं चालतात, समुद्राच्या पाण्यात मात्र पाव मीटर आणि ३ मिनिटं. त्यातला ‘एक्स’ म्हणजे धुळीची चाचणी जाहीर केलेली नाही. मिरामारची वाळू त्यात येत नाही. खारं पाणी लागलं तर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळल्यावरच चार्जर लावा. पावसाळ्यात कोरड्या पोर्टातही दमट हवा शिरते, म्हणून मी यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह झिपच्या पिशवीत ठेवतो.

रंगीत ई-इंकच्या मोहात मी अजून पडलेलो नाही. कॅलिडो ३ या रंगीत पडद्यामध्ये काळं-पांढरं ३०० पीपीआय असतं, रंग १५० पीपीआयवर येतो, आणि रंगाच्या थरामुळे पांढरं पान काळवंडतं. नोव्हेंबरात इफ्फीच्या (गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) रांगेत भर उन्हात उभं राहून वाचायला साधा काळा-पांढरा पडदाच कामाचा. सिनेमाचे ट्रेलर बघायला फोन आहेच.