बडोदा, सात किलोमीटर : सायकल जड होत चालली त्याची नोंद

सायकल आता 17 किलोच्या घरात गेली आहे. घेतली तेव्हा तेराच्या आसपास होती : सेकंडहँड हायब्रिड, 700 बाय 35चे टायर, पुढे तीन नि मागे सात गिअर, ना मडगार्ड, ना कॅरिअर, ना स्टँड. आपल्या सायकलवाल्यांतले बरेच जण ग्रॅम मोजून वजन कमी करतात. माझा काटा उलटा चालला आहे, आणि मला तो बरोबर दिशेने चालल्यासारखा वाटतो. रोजच्या ये-जेची सायकल कशी असावी हे रस्त्यावरची गर्दी ठरवते असं मला आधी वाटायचं. बडोद्यात ते पंचांग ठरवतं.

रस्ता आधी सांगतो. दांडिया बाजारातून निघायचं, कोठीवरून काळ्या घोड्याजवळच्या पुलावर विश्वामित्री ओलांडायची, युनिव्हर्सिटीच्या अंगाने स्टेशन, मग अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा भुयारी रस्ता), आर. सी. दत्त रोड, चकली सर्कल, गेंडा सर्कल आणि पुढे गोरव्याची बीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत, तिथे ऑफिस. सात किलोमीटर, जवळजवळ सपाट. गरनाळ्यातली उतरण आणि चढण सोडली तर गिअर बदलायचं कारण नाही. ताशी 18ने गेलं तर 23 मिनिटं लागतात, ताशी 24ने गेलं तर साडेसतरा. हा सगळा फायदा गेंडा सर्कलचा एकच सिग्नल खाऊन टाकतो. वेगासाठी पैसे घालायचे नाहीत हे इथेच ठरलं.

म्हणून गिअर काढले. पुढे 44 दातांची एकच चकती, मागे 18 दातांचं साधं फ्रीव्हील (पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारी दात्यांची चकती), म्हणजे काळ्या गावठी सायकलींवर सर्रास असतं तेच. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 5.3 मीटर जाते. मिनिटाला 60 फेरे म्हणजे ताशी 19 किलोमीटर. घामही फार येत नाही आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षालाही फार चिडायचं कारण उरत नाही.

असं करायचं मनात असेल तर आधी आपल्या फ्रेमचे मागचे ड्रॉपआउट, म्हणजे चाकाचा दांडा बसतो त्या खाचा, बघा. माझे आडवे आहेत, म्हणून चाक मागे ओढून चेन ताणता येते. उभे ड्रॉपआउट असतील तर चेन टेन्शनर (चेन ताणून धरणारा वेगळा भाग) लागतो, आणि टेन्शनर लावला की पूर्ण बंद चेनकव्हर बसत नाही. मला गिअर काढायचे होते ते मुळात या चेनकव्हरसाठीच. शिवाय एकेरी फ्रीव्हील बसवल्यावर चेन सरळ रेषेत यायला अ‍ॅक्सलवर वॉशर इकडचे तिकडे करावे लागतात, आणि तसं केलं की चाक मध्यावरून सरकतं. मग एका बाजूचे स्पोक ढिले, दुसऱ्या बाजूचे घट्ट, असं करून ते परत मध्यावर आणायचं. कोठीजवळ बसणाऱ्या पंक्चरवाल्या काकांनी ते काम चहा निवायच्या आत केलं आणि वर म्हणाले, "भाई, आ तो दूधवाळानी सायकल थई गई!" मी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

चेनकव्हर का, याचं उत्तर पावसाळ्यात आहे. उघड्या चेनवर पाणी, वाळू नि रस्त्यावरची माती यांचं मिळून पॉलिश पेपरसारखं मिश्रण होतं. चेन किती झिजली ते बघायला वेगळं गेज लागत नाही, शाळेतली स्टीलची पट्टी पुरते. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. म्हणून एका पिनेपासून मोजलं तर चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. ती एक अष्टमांश इंच पुढे गेली की चेन एक टक्का वाढली. तिथवर जाऊच देऊ नये, कारण वाढलेली चेन चकतीचे दात आपल्या मापाचे करून घेते आणि मग नवी चेन त्यावर उड्या मारते. माझ्या गिअरवाल्या दिवसांत एका पावसाळ्यात चेन संपायची. कव्हरमधली चेन आषाढ, श्रावण, भाद्रपद काढून दिवाळीला पट्टीवर धरली तर फरक डोळ्यांना जेमतेम दिसला. तेलही कमी लागतं. मेणात चेन बुडवण्याचा प्रकार कोरड्या दिवसांत छानच. पण पावसाळ्यात मला तो पटला नाही, मेण उडालं की दोन रात्रींत गंज धरतो.

मडगार्डबद्दल एकच : मागच्यापेक्षा पुढचं महत्त्वाचं, आणि त्याला खाली रबरी फडका हवाच, जमिनीपासून वीतभर वर येईल इतका लांब. बूट कोरडे राहतात ते त्याच्यामुळे.

पाण्यात घालायची की नाही, हा बडोद्यात चेष्टेचा विषय नाही. अलकापुरीच्या गरनाळ्यात जरा जोराचा पाऊस झाला की पाणी भरतं. मग उत्तरेला पंड्या ब्रिज नाहीतर दक्षिणेला जेतलपूरचा पूल. जेतलपूर मला बरा पडतो. विश्वामित्रीचं गणित मात्र निराळं आहे. नदी पावागडच्या डोंगराकडून येते, वर आजवा तलावाचं पाणी तिला मिळतं. त्यामुळे शहरात ऊन पडलेलं असतानाही पाणी चढू शकतं. पावसाळ्यात मी हवामानाच्या आधी दोन आकडे बघतो, आजव्याची पातळी आणि काळ्या घोड्याच्या पुलाशी नदीची पातळी, दोन्ही फुटांत. काळ्या घोड्याचा आकडा सकाळपासून चढता असेल तर सायकल घरीच राहते, कारण प्रश्न जायचा नसतो, संध्याकाळी परत यायचा असतो. ऑगस्ट 2024च्या अखेरीस ज्यांनी ते दिवस बघितले त्यांना हे समजावून सांगायला नको. पाणी ओसरल्यावर मगरी वस्त्यांमधून पकडून न्याव्या लागल्या होत्या.

यंत्राच्या बाजूने बोलायचं तर, "हबपर्यंत (चाकाच्या मध्यापर्यंत) पाणी नव्हतं, म्हणजे काही झालं नाही" असं बरेच जण म्हणतात. पण बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा दांडा फिरतो तो फ्रेममधला भाग, चाकाच्या अ‍ॅक्सलपेक्षा 6-7 सेंटिमीटर खाली असतो. पाणी हबला टेकलं तेव्हा तो केव्हाच बुडालेला असतो. अशा पाण्यातून सायकल गेली असेल तर तो उघडून, पुसून, नवीन ग्रीस भरून घ्यायचा. आवाज यायची वाट बघायची नाही.

भाद्रपदात दांडिया बाजारातून सायकल चालवायची नसते, ढकलायची असते. गणपतीचे मांडव, त्यांच्या बांबूंची टोकं नि वायरी चुकवत कोठीपर्यंत पायी. पण नवरात्र! रात्रभर गरबा झालेलं शहर सकाळी आठला अजून झोपेत असतं. वर्षातल्या सगळ्यात चांगल्या सकाळी त्या नऊ. परतताना मात्र सातच्या आत घर गाठावं, नंतर सगळं बडोदं चनिया-चोळी नि केडियात दुचाकीवर असतं आणि कोणाचंच लक्ष रस्त्याकडे नसतं.

उन्हाची एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा लक्षात आली. मी सकाळी पश्चिमेला जातो आणि संध्याकाळी पूर्वेला येतो, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य पाठीशी. डोळ्यांना सुख. पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तोच सूर्य असतो. आणि आपल्याकडे समोरून येणारा नेहमी पलीकडच्या बाजूलाच असतो असं नाही, आर. सी. दत्त रोडला उलट्या बाजूने येणारी अ‍ॅक्टिव्हा हे रोजचं दर्शन आहे. त्याला मी दिसतच नाही. म्हणून थंडीत, सूर्य खाली असतो तेव्हा, पुढचा दिवा मी भर उजेडात चालू ठेवतो, लुकलुकता. मागच्या दिव्यावर सगळे बोलतात. माझ्या रस्त्यावर दिवसा जीव वाचवतो तो पुढचा.

आता उत्तरायण, म्हणजे इथला संक्रांतीचा पतंगांचा सण. पतंगाची दोरी पाजायला (तिला काचेची पूड लावायला) बसलेले लोक डिसेंबरातच रस्त्याकडेला दिसू लागतात आणि तेव्हापासून जानेवारी संपेपर्यंत सायकलवर गळा झाकल्याशिवाय निघायचं नाही. आमच्या घरी 14 जानेवारीला तिळगूळ आणि गच्चीवर "काप्यो छे" दोन्ही एकाच वेळी चालतं, तेव्हा पतंगांवर माझा राग नाही. नायलॉनच्या मांज्यावर आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली देशभर त्यावर बंदी घातली. तरी झाडांवर लोंबणारी दोरी हातात घेऊन ओढली की ती सुती नाही हे बऱ्याचदा कळतं. सुती दोरी ताणली तर तुटते. नायलॉनची तुटत नाही, म्हणून कापते.

स्कूटरवाले हँडलवर तारेची उंच कमान लावतात. सायकलवर ती लावून बघितली. वाकून चालवायच्या सरळ हँडलवर काही उपयोग नाही, कारण मान कमानीच्या जवळजवळ रेषेत येते आणि दोरी वरून घसरून आत येऊ शकते. ताठ बसलात तरच ती कामाची. हँडल उंच करायचं जे काम मी पाठदुखीच्या नावाखाली वर्षभर पुढे ढकलत होतो, ते अखेर मकर संक्रांतीमुळे झालं. आता हँडल सीटपेक्षा चार बोटं वर आहे, कमान डोक्याच्या उंचीला जाते आणि गळ्याला जाड सुती मफलरचे दोन वेढे असतात. डोळ्यांवर चष्मा. शिवाय वाट बदलतो. उड्डाणपुलावर दोरी आडवी यायची शक्यता जास्त, कारण तिथे तिला अडवायला ना झाड, ना घर. गेंडा सर्कल ते मनीषा चौकडी हा साडेतीन किलोमीटरचा पूल डिसेंबर 2022मध्ये सुरू झाला तेव्हापासून खालचा रस्ता अरुंद वाटतो खरा, पण डोक्यावर छप्पर असल्याने या महिन्यात तो मला प्रिय आहे. 14 आणि 15ला, म्हणजे वासी उत्तरायणपर्यंत, सायकल जागेवरून हलत नाही.

सण संपल्यावर रस्त्यावर पडलेली दोरी हबमध्ये शिरते, हे मात्र विसरलं जातं. फ्रीव्हील आणि स्पोक यांच्या मधल्या फटीत ती इतकी घट्ट गुंडाळली जाते की चाक जड फिरायला लागेपर्यंत कळत नाही. ब्लेडने उभा छेद देऊन चिमट्याने काढायची. पेडलच्या अ‍ॅक्सलवरही बघा. यंदा तिथून निघालेला गुंता बघून आमची आत्या म्हणाली, "याच्यात एक पतंग आरामात उडेल."

उन्हाळ्याबद्दल कमी लिहितो, कारण त्यावर उपाय फार नाहीत. लवकर निघणे, ओला पंचा मानेवर, ऑफिसात एक जादा सदरा, आणि मे महिन्यात परतीची वेळ सातनंतर. दुपारी उन्हात उभ्या सायकलचा टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. हिशोब करून बघा. मी मागे 55 पीएसआय ठेवतो. सकाळी 25 अंशांना भरलेली हवा उन्हात 60 अंशांपर्यंत तापली, तरी दाब फार तर आठेक पीएसआयने वाढतो. धड टायर तेवढ्याने फुटत नाही. फुटतो तो कडेचे धागे निघालेला, नाहीतर रिमवर नीट न बसलेला. उलट कमी हवेने चालवलं की गरनाळ्याच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्यात ट्यूब रिम आणि रस्त्याच्या मध्ये चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. उन्हाने खरं बिघडतं ते पंक्चरचं ठिगळ. घाईत, सोल्युशन न वाळवता चिकटवलेलं ठिगळ एप्रिल-मेमध्ये कडेने सुटायला लागतं.

बीआयडीसीच्या आतल्या शेवटच्या टप्प्यात लेथवर निघणारे लोखंडाचे तुकडे आणि ट्रकच्या फाटलेल्या टायरमधल्या बारीक तारा रस्त्यावर असतात. केसाएवढी तार टायरमध्ये राहून गेली तर नव्या ट्यूबलाही संध्याकाळपर्यंत पंक्चर. ती बोटाने शोधू नका, बोट कापतं. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा, जिथे अडकेल तिथे तार. यासाठी पुढच्या खेपेला टायरच 35ऐवजी 40 मिलिमीटर रुंदीचे घ्यायचे, आत पंक्चररोधक पट्टा असलेले. वजन आणखी वाढेल. पण मडगार्डमध्ये ते बसतात का, हे आधी मोजायला हवं. सध्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा आहे.

त्याआधी मागची रिम. पावसात ब्रेक शू आणि रिम यांच्यामध्ये वाळू घासून घासून रिमची कड आत वळल्यासारखी झाली आहे, आणि झीज दाखवणारी खाच जवळजवळ पुसली गेली. हब 36 भोकांचा, म्हणजे रिमही 36चीच हवी. काकांनी मांडवीकडच्या एका दुकानात चौकशी करतो म्हणून सांगितलं आहे. आषाढाच्या आत मिळाली तर नवे स्पोक घालून चाक त्यांच्याकडूनच बांधून घेईन. नाही मिळाली तर पाऊस संपेपर्यंत मागचा ब्रेक हलक्या हाताने आणि पुढच्यावर भरवसा.