गुळगुळीत नाण्यांचा संच : राणीछाप पैसे जवळपास पूर्ण, रुपयांपाशी गाडी अडली

व्हिक्टोरियाच्या पाव आण्यांची, म्हणजे पैशांची, पानं आता बऱ्यापैकी भरत आली आहेत. हा संच मुद्दाम झिजलेल्याच नाण्यांचा, आणि त्याचे नियम बदललेले नाहीत. प्रकार आणि साल ओळखता आलं पाहिजे, बाकी जेवढं झिजून गेलं असेल तेवढं उत्तम. नाण्याची स्थिती सांगणाऱ्या शेल्डनच्या १ ते ७० प्रतवारीत सगळे वरच्या टोकाला धावतात, आपण तळाचा १ शोधायचा. आणि झीज हातांनी, खिशांनी, गल्ल्यांनी केलेली हवी. जमिनीत गंजून खड्डे पडलेलं किंवा पॉलिश पेपर मारलेलं नाणं बाद. पॉलिश पेपरचं लगेच कळतं: एकाच दिशेच्या बारीक रेघा असतात आणि खोलगट भागही उंचवट्याइतकाच चकाकतो. हातांनी झिजलेल्या पैशाची कड गोलसर होते, उंचवटे आधी जातात आणि अक्षरांच्या आडोशाला जुना काळपटपणा टिकून राहतो.

बहुतेक माल कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारातला. चांगली नाणी प्लास्टिकच्या पाकिटात असतात, आपली मात्र डब्यात, जुन्या किल्ल्या आणि बिल्ल्यांबरोबर. एका विक्रेत्या काकांना माझा नाद अजून पटलेला नाही. "ओ पावणं, ह्ये कशाला घेतासा? निम्मं तर झिजून गेलंय. त्यो घ्या की, राणी कशी टकाटक हाय!" म्हटलं, काका, ती टकाटक राणी तुम्ही दुसऱ्याला द्या.

साल वाचायला तिरका उजेड लागतो. मोबाईलची बॅटरी नाण्याच्या कडेला आडवी धरायची आणि नाणं हळूहळू फिरवायचं. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल घासली तर कधीकधी डोळ्यांना न दिसलेला आकडा उमटतो. साल गेलंच असेल, तर निदान कालखंड सांगता येतो. राणीच्या डोक्यामागे 'क्वीन' असेल तर १८६२ ते १८७६, 'एम्प्रेस' असेल तर १८७७ पासूनचं. अक्षरं पुसली तरी त्यांनी व्यापलेल्या जागेवरून अंदाज येतो, कारण सात अक्षरं पाचांपेक्षा लांबवर पसरतात. चेहऱ्याची नुसती सावली उरली तरी राणी डावीकडे बघते आणि तिच्यानंतरचा राजा सातवा एडवर्ड उजवीकडे.

एडवर्डमध्ये या वेळी एक मजेशीर नाणं मिळालं. १९०६ साली पाव आणा तांब्यातही पाडला आणि नंतर ब्राँझमध्येही. तांब्याचा नवा असताना ६.४७ ग्रॅम, ब्राँझचा ४.८६. माझा इतका काळवंडलेला की रंगावरून काही ठरेना. तराजूवर ठेवला तर ५.७ ग्रॅम. झिजून वजन कमी होतं, वाढत नाही, म्हणजे हा तांब्याचाच. जवळजवळ आठवा हिस्सा लोकांच्या बोटांना लागून गेलाय. संचातला सध्याचा माझा लाडका हाच.

खरी अडचण चांदीच्या रुपयांची. जुनं नाणं म्हणजे झिजलेलं, असं आपण धरून चालतो, पण रुपयाला ते लागू नाही. ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे नेमका एक तोळ्याचा हा रुपया लोकांनी फिरवण्यापेक्षा साठवला जास्त. ट्रंकेत, देव्हाऱ्यात, गाडग्यात. बाजारहाट चालला तो पैसा, ढब्बू (दोन पैसे), चवली (दोन आणे), पावलीवर (चार आणे). त्यामुळे चवल्या पार सपाट मिळतात आणि पंचम जॉर्जचे रुपये मात्र असे की दाढीचे केस मोजावेत. त्यात कायद्यानेही आपलं नुकसान केलं. १९०६ च्या नाणे कायद्यात रुपयाचं वजन प्रमाणापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त घटलं तर तो कायदेशीर चलन राहत नसे. म्हणजे साधारण ११.४३ ग्रॅमखाली गेला की त्याची वाट वितळवण्याकडे. आपल्याला नेमके तेच हवेत!

गुजरीत, म्हणजे सराफ गल्लीत, मोडीत आलेले काही गुळगुळीत रुपये पाहिले, पण बहुतेकांना वरच्या बाजूला डाग दिल्याची, म्हणजे कडी जोडल्याची, खूण होती. गळ्यातल्या माळेतले ते. अशा रुपयाची अंगाला लागणारी बाजू जास्त घासली जाते, दुसरी त्या मानाने बरी राहते. ही झीजही माणसांनीच केलेली, हे मान्य. तरी मी ते वेगळ्या पाकिटात ठेवतो. संच चलनाचा आहे, दागिन्यांचा नाही. तुमचं मत वेगळं असेल तर भांडायला तयार आहे.

शिवराईला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याला, मात्र अजून हात घातलेला नाही. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', पण ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे टाकसाळीतून निघालेल्या नव्या नाण्यावरही अर्धीच अक्षरं यायची. 'राजा'तला 'जा' नाही म्हणून नाणं झिजलं असं म्हणता येत नाही. आहेत त्या अक्षरांची उंची बघावी लागते. वजनही एकसारखं नसल्याने एडवर्डवाली युक्ती इथे चालत नाही. आधी मला चांगल्या शिवराया भरपूर हाताळायला हव्यात.

सध्या राहिलेत ते असे: 'क्वीन'चा रुपया, साल वाचता येणारा, डाग न दिलेला, ११.४ ग्रॅमच्या आतला. आणि १८३५ चा कंपनीचा पाव आणा, सिंह पुसट झालेले पण साल शाबूत. बदल्यात द्यायला एम्प्रेसचे सपाट पैसे आणि भोकाचे पैसे आहेत. भोकाचे तर इतके जमलेत की सुतळीत ओवून ठेवलेत.