वेमथ स्पीड वीक: पायाच्या दुखापतीनंतर पुन्हा रनवर

पाय मोडून बरा झाल्यावर स्पीड विंडसर्फिंगच्या स्पर्धेत परतायचं असेल, तर सुरुवात इंग्लंडमधल्या वेमथच्या स्पीड वीकपासून करा. ठरावीक अंतर कोण किती वेगाने कापतो, हे मोजणारी ही आठवडाभराची स्पर्धा. यंदाचा ऑक्टोबर तिथे काढल्यावर हे मी छातीठोकपणे सांगते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेमथलगतच्या पोर्टलंड हार्बरमध्ये हा स्पीड वीक १९७२ साली सुरू झाला. त्याच वर्षी टिम कोलमन यांच्या ‘क्रॉसबो’ या शीडबोटीने इथे २६.३ नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वेग गाठला आणि १९८० मध्ये ‘क्रॉसबो २’ ३६ नॉटपर्यंत पोचली. १९८६ मध्ये पास्कल माका यांनी स्पेनच्या फुएर्तेवेंतुरा बेटावर ३८.८६ नॉट काढले आणि मोठमोठ्या शीडबोटींचा विक्रम पहिल्यांदाच एका विंडसर्फरकडे आला. आज फ्रेंच विंडसर्फर आंत्वान अल्बो यांच्या ५३.२७ नॉटची (नामिबियातलं ल्युडरित्झ, २०१५) चर्चा सगळीकडे असते, पण ल्युडरित्झचा तो अरुंद चर दुखापतीतून उठलेल्यांसाठी नव्हे. पोर्टलंडला पडायला जागा आहे.

इथे लागतो नैऋत्येचा वारा. हार्बरच्या पश्चिमेला चेसिल बीच हा दगडगोट्यांचा २९ किलोमीटर लांब नैसर्गिक बांध आहे. वारा त्याच्यावरून थेट येतो, लाटा मात्र पलीकडेच अडतात. त्यामुळे तीस नॉट वाऱ्यातही बांधाच्या कुशीतलं पाणी जवळजवळ सपाट राहतं. नव्याने सांधलेल्या पायाला वेगाचा त्रास होत नाही, खडबडीत पाण्याचे हादरे बसतात त्याचा होतो. तो इथे कमी.

माझी दुखापत लिसफ्रांकची, म्हणजे पावलाच्या मधल्या सांध्यांची. पूर्वी घोडेस्वार पडताना पाय रिकिबीत अडकला की हे व्हायचं. आमच्यात रिकिबीच्या जागी फूटस्ट्रॅप, म्हणजे बोर्डवर पाय अडकवायचा पट्टा. वाऱ्याचा झोत आला, शिडाने अंग पुढे फेकलं आणि पुढचा पाय पट्ट्यातच राहिला, की पाऊल मधोमध वाकतं. साध्या एक्स-रेत ही दुखापत अनेकदा सुटून जाते. पावलाच्या तळव्यावर निळसर डाग दिसला, तर पायावर वजन देऊन काढलेल्या एक्स-रेचा आग्रह धरा. स्क्रू, प्लास्टर, फिजिओ हे सगळं रीतसर होऊ द्या. एका पायावर टाच उचलणं आणि लंगडी घालणं दोन्ही पायांनी सारखं जमेपर्यंत बोर्ड आवरूनच ठेवलेला बरा.

आता पट्ट्यांविषयी जरा सविस्तर, कारण सगळी मेख तिथेच आहे. ऑक्टोबरात पाणी पंधरा अंशांच्या आसपास असतं, म्हणजे निओप्रीनचे बूट आलेच. बुटामुळे पाऊल रुंद होतं आणि रबरी तळ पट्ट्याखाली चिकटतो, म्हणून अनवाणी पायाला बसवलेला पट्टा बुटाला चालत नाही. पण पट्टा फार सैल केला तर पाय घोट्यापर्यंत आत घुसतो, आणि पडताना तो अडकलाच म्हणून समजा. बोटांच्या मुळांपर्यंतचा भाग आत जावा, त्याच्या पुढे जाऊ नये. निघण्याआधी बोर्ड फिन (बोर्डाच्या तळाचा माशाच्या परासारखा भाग) काढून गवतावर ठेवा, बूट ओले करा आणि घोटा न वळवता पाय मागे ओढून बघा. वळवावा लागला तर पट्टा पुन्हा लावा.

विंडसर्फिंग मी गोव्यात, दोना पावलाच्या पाण्यावर शिकले. तिथल्या सवयीने माणूस वाऱ्याच्या जोरावर विसंबतो. इथे दिशा महत्त्वाची. वाऱ्यापासून साधारण १२० ते १३० अंशांवर बोर्ड सोडला की तो खरा पळतो. ५०० मीटरचा रन तीस नॉटने साडेबत्तीस सेकंदांत संपतो. पहिल्या जोरदार रनला ३१ नॉटच्या आसपास आकडा लागला. दुखापतीआधीच्या वेगापेक्षा तो बराच कमी होता, पण पुढचा पाय न घाबरता जागेवर राहिला याचा मला मनापासून आनंद झाला.

पाय थकतो तो परतीला. पन्नासेक सेंटिमीटर रुंदीचा स्पीड बोर्ड घेऊन वाऱ्याविरुद्ध वर चढणं हे कष्टाचं काम, आणि सगळा भार पावलाच्या कडेवर येतो. चालत परतावं म्हटलं तर चेसिलच्या पोर्टलंडकडच्या टोकाला दगड मुठीएवढे मोठे. (पश्चिमेकडे ते लहान होत होत वाटाण्याएवढे होतात.) सांधलेल्या पावलाला त्या दगडांवरची चाल रनपेक्षा जड जाते. म्हणून जाड, कडक तळव्याचे बूट घ्या. पहिल्या दिवशी स्पीड बोर्डऐवजी थोडा रुंद स्लॅलम बोर्ड वापरा. वेग दोन-तीन नॉटने घटेल, पण तोल न जाता परत येता येईल. जाइब, म्हणजे वाऱ्याकडे पाठ करून घेतलेलं वळण, घाईने मारू नका. पुढचा पाय पट्ट्यातून आधी बाहेर, मग वळण.

वेमथ आणि पोर्टलंड जोडणाऱ्या फेरीब्रिज पुलाजवळ ओहोटीला पाणी उथळ होतं आणि समुद्री गवत फिनला अडकतं. पूर्ण वेगात फिन अडकली की पुन्हा तेच, अंग पुढे आणि पाय मागे. त्यामुळे मागे झुकलेली, गवत सोडून देणारी फिन सोबत हवीच, आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक आदल्या रात्रीच बघा.

लंडनहून ट्रेन थेट वेमथला जाते, पण मास्ट (शिडाची काठी) आणि बोर्डसाठी गाडीच हवी. साधारण तीन तास लागतात. सीझन संपलेला असल्याने राहायची सोय सहज होते. तळमजल्यावरची खोली मागा. संध्याकाळी पाय उंचावर ठेवून बर्फ लावा. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला कळ आली किंवा बुटाची चेन लागेना, तर वारा कितीही चांगला असला तरी तो दिवस किनाऱ्यावरच काढायचा. स्पर्धा आठवडाभर चालते, आणि आकडा लागायला एक चांगला दिवस पुरतो.