बॉल पायथनचा टँक: दोन सेन्सर, दोन आकडे

मार्च संपत आला आणि नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरात दुपारची आर्द्रता २५ टक्क्यांवर यायला लागली. बॉल पायथन या पाळीव सापाला टँकमध्ये ६० च्या आसपास लागते. फेब्रुवारीत कात तुकड्यातुकड्यांनी निघाली, एका डोळ्यावरची तशीच राहिली. काचेला चिकटवलेलं काट्याचं मीटर तेव्हाही निवांत ६० दाखवत होतं. त्याच दिवशी ते काढून टाकलं.

(आमची मादी परिवेश या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदवलेली आहे. ही प्रजाती साइटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येते, त्यामुळे कुणाची नोंदणी राहिली असेल तर सेन्सरच्या आधी ते काम उरका.)

सुरुवात डीएचटी११ या तापमान-आर्द्रता सेन्सरने केली, कारण तो घरात पडलेला होता. त्याच्या कागदावरच तापमानात २ अंश आणि आर्द्रतेत ५ टक्के इकडेतिकडे लिहिलंय. खोलीसाठी चालेल, पण ३२ अंशांच्या गरम कोपऱ्यात ३४ झाले तर मला ते कळायलाच हवं. म्हणून त्याहून अचूक असे दोन एसएचटी३१ सेन्सर आणले. आर्द्रतेत २ टक्के, तापमानात अंशाच्या एक तृतीयांशाहून कमी फरक. पैशाचा फरक काही शे रुपयांचा आहे, तो वाचवण्यात अर्थ नाही.

कागदावर विश्वास न ठेवता मिठाची चाचणी केली. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यावर थेंबथेंब पाणी, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि तिन्ही सेन्सर घट्ट डब्यात रात्रभर. २५ अंशांना आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी एसएचटी३१ वर ७४ आणि ७६, डीएचटी११ वर ६७. त्याला निरोप दिला.

मग दोन्ही टँकमध्ये बसवले. थंड बाजूला २६ अंश आणि ७० टक्के, गरम बाजूला ३२ अंश आणि ४९ टक्के. डब्यात रात्रभर जवळजवळ जुळलेले सेन्सर इथे २१ टक्क्यांनी वेगळे! वायर तपासली, सेन्सरच्या जागा अदलाबदल केल्या, आकडे मात्र जागच्या जागीच राहिले. मग गणित मांडलं. हवेत वाफ तेवढीच, पण ३२ अंशांची हवा जास्त वाफ धरू शकते, म्हणून तीच वाफ टक्क्यांत कमी दिसते. २६ अंशांचे ७० टक्के ३२ अंशांवर जेमतेम ५० होतात. दोघेही खरं बोलत होते. एकाच सेन्सरवर टँकची आर्द्रता सांगणाऱ्यांनी निदान तो कुठे लावलाय एवढं तरी सांगावं, नाहीतर आपले आकडे जुळवायचे कशाशी?

गरम जागेच्या पृष्ठभागासाठी स्टीलच्या टोपणाचा डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावला. त्याच्या डेटा आणि पॉवरच्या तारांमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर जोडायला विसरू नका. मध्येच ८५ अंश दिसले तर पळत सुटू नका, वीज मिळाल्यावर पहिलं माप घेण्याआधी तो तोच आकडा देतो. हा प्रोब (सेन्सरचं टोक) केबल टायने बांधा. चिकटपट्टी आत कधीच नको, ती खवल्यांना चिकटली तर सोडवताना कातडी निघते. टँक गरम करणाऱ्या मॅटचा थर्मोस्टॅट स्वतंत्रच आहे, आणि तो तसाच राहणार; पाहणारा आणि चालवणारा एकच असला की एका बिघाडात दोन्ही जातात.

ब्लूटूथवाले तयार सेन्सर बघून सोडले, कारण मला कामावर असतानाही आकडे हवे आहेत. सेन्सर जोडलेला ईएसपी३२ हा छोटा बोर्ड ते वायफायवरून होम असिस्टंट या घरातली उपकरणं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला पाठवतो. गेल्या मंगळवारी रात्री लाईट गेली, राउटर बंद, आणि मोबाइलवर मात्र शेवटचे ३२ अंश शांतपणे दिसत राहिले. सकाळी आलेखात चार तासांची सरळ रेघ होती. मादी ठीक होती, पण हेच डिसेंबरच्या नाशिकमध्ये झालं असतं तर? आता राउटर आणि होम असिस्टंटचा छोटा कॉम्प्युटर दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत, आणि १० मिनिटं नवा आकडा आला नाही तर मेसेज येतो.

कात नीट निघावी म्हणून ओल्या मॉसची (शेवाळाची) पेटी कालच ठेवली. तिच्यात तिसरा एसएचटी३१ जाणार आहे, पण पाणी साचून तो १०० वर अडकू नये म्हणून जाळीची टोपी शोधतोय. कुणी वापरली असेल तर सांगा.