भाकरी थापताना गाणं ऐकू येतं का?

आमच्याकडे येणाऱ्या दर्दी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला आहे. "तुम्ही सारखी काहीतरी कामं करत गाणी लावता, मग ऐकता कधी?" प्रश्नात थोडा आरोपही असतो. गाणं कसं, मांडी घालून, डोळे मिटून ऐकावं. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये सुधीर फडके लावायचे म्हणजे पापच.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मला ते पाप वाटत नाही. मराठीतली बरीचशी जुनी गाणी कामात गुंतलेल्या माणसाला चांगली ऐकू येतात, काही तर त्यालाच ऐकू येतात, असं माझं मत आहे आणि वयाबरोबर ते घट्टच होत चाललंय.

बहिणाबाईंचंच बघा. जळगावकडच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी सुचेल ते त्या म्हणत गेल्या आणि घरातल्यांनी ते टिपून ठेवलं. 1951 मध्ये त्या गेल्या, पुस्तक आलं 1952 मध्ये. पुढे 1961 च्या 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांच्या चालीतून ही गाणी घरोघर पोचली. 'अरे संसार संसार'मधली 'आधी हाताला चटके, तव्हा मिळते भाकर' ही ओळ सोफ्यावर बसून ऐकली तर सुविचार वाटते, आणि सुविचारांचा मला कंटाळा आहे. तव्याला बोट लागलेलं असताना तीच ओळ आली की कळतं, या बाईंना आधी खरोखर चटका बसलाय, संसाराचं त्यांना नंतर सुचलंय.

दुसरं कारण तबकडीचं. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात वाद्यांची सुरुवात, ध्रुवपद, दोन-तीन कडवी, सगळं उरकायचं. जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांच्यापासून मराठी भावगीत या मापात वाढलं. नंतर जास्त वेळ वाजणाऱ्या एलपी तबकड्या आल्या, कॅसेटी आल्या, मर्यादा संपली, पण गाण्याच्या अंगाला ते माप बसलं ते बसलंच. आता तीन-साडेतीन मिनिटांत एक भाकरी थापून, भाजून, फुगून उतरते. कुठल्या संगीतकाराने हा हिशेब केला नसेल, पण जमलाय खरा! रेडिओचाही सगळा कारभार कामातल्या माणसाला धरूनच होता. मुंबई केंद्राच्या कार्यक्रमांची नावंच बघा, 'कामगार सभा' काय, 'वनिता मंडळ' काय. ऐकणारा आरामखुर्चीत बसलाय असं तिथे कुणी गृहीत धरत नव्हतं.

आणि बाबूजी, म्हणजे सुधीर फडके. नळ सुरू असतानाही त्यांचा शब्द अख्खा कानात पडतो, जोडाक्षरासकट. (माझा मोबाइल स्टीलच्या पातेल्यात उभा असतो. त्याने आवाज मोठा होतो, कसा होतो ते विचारू नका. त्यातूनही बाबूजी स्वच्छ ऐकू येतात.) गीतरामायण 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि वर्षाहून थोडा जास्त काळ आठवड्याला एक गाणं, अशी 56 गाणी झाली. त्यातली बरीच तीन मिनिटांत आटपणारी नाहीत, एकामागून एक कडवी येतच राहतात. पण ही गाणी लिहिणारे गदिमा (ग. दि. माडगूळकर) गोष्ट सांगतायत. मध्येच उठून दूधवाल्याला दार उघडून आलं तरी राम कुठवर पोचलाय ते लगेच कळतं. दिवाळीच्या चकल्यांना याहून चांगली सोबत मला तरी माहीत नाही.

तुमच्या बाजूनेही बोलायचं आहे. काही गाण्यांपुढे हात चालत नाहीत. संगीतकार श्रीनिवास खळे, म्हणजे खळेकाका, यांची चाल वरवर साधी वाटते, म्हणून आपण बरोबर गुणगुणायला जातो आणि पुढच्याच वळणावर ती भलतीकडे गेलेली असते. त्यांच्या 'अभंग तुकयाचे' या गीतसंग्रहातलं लताबाईंचं 'भेटीलागी जीवा' लागलं की मेथीची जुडी अर्धी निवडून तशीच राहते. कवी ग्रेस यांचं 'भय इथले संपत नाही' तर विचारूच नका. हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज. मला त्या कवितेचा सलग अर्थ सांगता येत नाही, आणि जे घडाघडा सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही. पण ते लागायच्या आत मी गॅस बंद करते. फोडणी करपते, हा अनुभव आहे.

म्हणजे डोळे मिटून ऐकणं मलाही माहीत आहे. फक्त ते मी ठरवून करत नाही, गाणंच करायला लावतं. ज्याने लावलं नाही ते कमी प्रतीचं, असंही मी मानत नाही. कामाच्या बरोबरीने चालणारं गाणं बांधायला कमी अक्कल लागत नाही. ऐकणाऱ्याचं अर्धं लक्ष दुसरीकडे आहे हे धरून चालायचं आणि तरी शब्द पोचवायचे, हे करून बघावं कुणीतरी आता.

तेव्हा पुढच्या वेळी याल आणि गाणं सुरू असताना मी कांदा चिरत असेन, तर संकोचून नुसते बसू नका. ओट्याशेजारी कोथिंबीर असेल, निवडायला घ्या.