खरी बुम्बाय

लॉस बान्योसला सासरी राहायला आले तेव्हा गल्लीतली पोरं मला बघून ओरडायची, "बुम्बाय! बुम्बाय!" मी खूश. म्हटलं, मी मुंबईची हे यांना कळलं कसं? रात्री नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो हसता हसता खोकायला लागला. फिलिपिन्समध्ये बुम्बाय म्हणजे मोटरसायकलवरून दारोदार कर्ज वाटणारा आणि रोजचा हप्ता गोळा करणारा भारतीय. शब्द आला बॉम्बेवरून, पण हे सावकार बहुतेक सगळे पंजाबी. पाच घ्या, सहा परत करा, म्हणून धंद्याचं नावच 'फाइव्ह-सिक्स'. अख्ख्या गल्लीत खरी बुम्बाय मी एकटीच, आणि पर्समध्ये सहाशे पेसो.

नवरा आणि मी दुबईत एकाच हॉटेलात कामाला होतो. बाळ झाल्यावर तो तिथेच राहिला, मी 2024 च्या सुरुवातीला त्याच्या आईकडे आले. नानाय (इथे आईला नानाय म्हणतात) घरात बर्फाच्या पिशव्या गोठवून विकायची. मला वाटलं, खिडकीला जाळी लावून सारी-सारी स्टोअरच टाकू. सारी-सारी म्हणजे नाना तऱ्हेचं. आपलं वाण्याचं दुकान, फक्त आणखी बारीक मापाचं.

पहिला धक्का कायद्याचा. परदेशी माणसाला इथे किरकोळ विक्री करायची तर किमान भांडवल हवं 2.5 कोटी पेसो. माझ्याकडे नवऱ्याने पाठवलेले धरून 9,000! फिलिपिनोशी लग्न केलं म्हणून यातून सूट मिळत नाही. तेव्हा दुकान नानायच्या नावावर, धावपळ माझी.

डीटीआय म्हणजे व्यापार-उद्योग खातं. तिथे धंद्याचं नाव ऑनलाइन नोंदवता येतं. फक्त आपल्या बारांगायपुरतं, म्हणजे आपल्या वॉर्डाएवढ्या भागापुरतं, नाव हवं असेल तर 200 पेसो आणि वर 30 चा स्टॅम्प. पाच वर्षं चालतं. नाव मी 'आई' असं घातलं. नानायने विचारलं, म्हणजे काय? सांगितल्यावर म्हणाली, "मग तुझंही झालं की."

पुढे बारांगायचा दाखला, सेदुला नावाची कराची पावती, मग मेयर्स परमिट, म्हणजे धंद्याचा परवाना. इथे अडलो. घर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. एका खिडकीवरून तीनदा परत पाठवलं, दर वेळी नवाच कागद. तिसऱ्यांदा बाळाला कडेवर घेऊन मी तिथेच बाकावर बसले, रडू आवरेना. शेवटी नानाय आली. तिने कारकुनाशी पाच मिनिटं कोणाच्या तरी चुलतभावाबद्दल गप्पा मारल्या, आणि लागणारे सगळे कागद त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिले. हे आधी का नाही दिलं, हा प्रश्न मी गिळला.

करखात्याची नोंदणी त्यामानाने सोपी गेली. दर वर्षीचे 500 पेसो 2024 च्या जानेवारीतच रद्द झाले होते, तेवढंच नशीब. आणि एक गोष्ट मला नेगोस्यो सेंटरमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रात, कळली, ती कुणी आपणहून सांगत नाही: जमीन सोडून मालमत्ता 30 लाख पेसोंच्या आत असेल तर बीएमबीईचा, म्हणजे बारांगायमधल्या अगदी छोट्या धंद्याचा, दाखला मिळतो, आणि धंद्याच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. 2002 चा कायदा आहे. दाखला दोन वर्षांचा.

माल भरायला आणखी पैसे हवे होते. पंजाबी सावकार आला, हिंदीत "बहनजी" म्हणाला, माझे डोळे भरून आले. तरी हिशेब केला: 5,000 चे 6,000, तेही महिन्या-दीड महिन्यात. नको म्हटलं. नानाय जवळच्या सान पाब्लोत सुरू झालेल्या, छोटी कर्जं देणाऱ्या 'कार्ड' संस्थेची जुनी सभासद. 1986 मध्ये वीस पेसोंवर सुरू झालेलं काम, असं तिथल्या बायका अभिमानाने सांगतात. दर आठवड्याला बैठक, दर आठवड्याला हप्ता. थेट आपला बचत गट! तिथून मिळाले.

विकणं मात्र नानायकडूनच शिकले. इथे सगळं 'तिंगी', म्हणजे सुटं. लसणाची एक पाकळी, कपभर व्हिनेगर, चार चमचे तेल पिशवीत बांधून, शाम्पूची एक पुडी. कोल्ड्रिंक पिशवीत ओतून स्ट्रॉ लावून द्यायचं, बाटली दुकानातच राहते. मी तेलाची पिशवी काठोकाठ भरायचे. पहिल्या महिन्यात तेलात तोटाच. आणि मोठ्या बहिणीला इथे 'आते' म्हणतात. जाळीबाहेरून "आते, पाबिली पो!" अशी हाक आली की मला वाटे, भाचरं जमली दारात. (पाबिली म्हणजे विकत द्या, पो म्हणजे आपला 'जी'.)

उधारीने बुडायचीच वेळ आली होती. भाचरं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? वहीत 2,300 पेसो अडकले. मग मी माहेरच्या वाण्याची पाटी इथल्या टॅगालॉग भाषेत लिहिली: आज रोख, उद्या उधार. लोक थांबून वाचतात आणि म्हणतात, ही तर आमचीच पाटी. खरंच, पलीकडच्या तीन दुकानांत तीच लावलेली.

जानेवारीत परमिटचं नूतनीकरण असतं, वीस तारखेच्या आत. या वेळी नानायला नेलंच आधी.

तो पंजाबी भाऊ अजून येतो, वसुली करून दमलेला. पिशवीतलं कोल्ड्रिंक घेतो. नानाय त्याच्याकडून आधी पैसे घेते, मग बाटली उघडते.