पायऱ्यांचा पी

सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी लिही म्हटल्यावर मला आधी आठवली ती शाळेमागची विहीर. तिला 21 पायऱ्या. आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली पोरं. पाऊस म्हणजे काय ते आम्हाला वेगळं शिकवावं लागत नसे.

नववीत बहुपदी आल्या, म्हणजे एक्स, त्याचे वर्ग-घन आणि आकडे यांच्या बेरजेच्या राशी. फळ्यावर पी(2) दिसला की मी बिनदिक्कत ‘पी गुणिले 2’ करून मोकळा. सरांनी वही बघितली. ‘गुणाकार कशाला करालास रे? कंसात आहे ते आत घालायचं, बाहेर काय येतंय ते बघायचं.’ आणि सगळा वर्ग विहिरीवर नेला.

एक्स म्हणजे महिन्याचा क्रमांक, पी(एक्स) म्हणजे त्या महिन्यात पाण्याबाहेर दिसणाऱ्या पायऱ्या. विहिरीवर रोज जाणाऱ्या मुलींना सगळं तोंडपाठ. मे महिन्यात 19, म्हणून पी(5) = 19. ऑगस्टमध्ये 4, म्हणून पी(8) = 4. मग सरांनी विचारलं, पी(5+3) किती? मी 19 मध्ये 3 मिळवून 22 सांगितलं. ‘एक पायरी तू बांधून देणार काय?’ पोरं अजून त्यावरून चिडवतात. आधी कंसातली बेरीज, मग विहीर, उत्तर 4.

पुढचा प्रश्न मला जास्त आवडला. पी(एक्स) = 11, तर एक्स किती? मी जानेवारी म्हटलं, मागच्या बाकावरून जुलै आला. दोन्ही बरोबर! पाणी उतरताना एकदा, चढताना एकदा. पण एका महिन्याला पायऱ्यांचे दोन आकडे चालणार नाहीत, एवढंच सरांचं म्हणणं. (कंसाची ही रीत गणितज्ञ ऑयलरने 1734 मध्ये वापरली, हे मी कॉलेजात वाचलं. सरांनी त्याचं नावही काढलं नव्हतं.)

आता मी गावच्या डेअरीत दूध मोजतो. भिंतीवर दरपत्रक आहे: फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) यांचे आकडे घाला, दर बाहेर येतो. म्हणजे कंसात दोन गोष्टी. पण म्हशी पाळणाऱ्या आमच्या काकू उलट्या बाजूने येतात. ‘एवढा दर पडायचा तर फॅट किती लागतंय, सांग की.’ मी बोट उलटं फिरवतो. एकाच दराला दोन-तीन जोड्या सापडतात. काकू त्यातली सगळ्यात कमी फॅटची जोडी निवडतात आणि सरकीचा हिशोब करत घरी जातात.